जेनच्या नावाचा रकाना

नॉटिंगहॅमशेजारच्या स्नेंटनचा जॉर्ज ग्रीन (१७९३–१८४१) पवनचक्कीवर धान्य दळत असे. शाळा जेमतेम वर्षभर. तरी १८२८च्या निबंधाने तो गणितात अमर झाला. त्याच्यावरील लिखाणात जेन स्मिथ मात्र एका वाक्यात आटोपते : चक्कीच्या कारभाऱ्याची मुलगी, सात मुलांची आई, लग्न नाही.

का नाही? केंब्रिजची फेलोशिप अविवाहितांनाच मिळे, हे ठरलेले उत्तर. मला ते पटत नाही. पहिली मुलगी १८२४ची. ग्रीन केंब्रिजला गेला १८३३मध्ये, चाळिशीत. फेलो झाला १८३९ला. पिठाने माखलेल्या माणसाला पंधरा वर्षे आधीच त्या फेलोशिपची स्वप्ने पडत होती काय? वडिलांचा विरोध म्हणावा, तर ते १८२९मध्येच वारले.

त्यापेक्षा बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात. १८१३पासून या नोंदी छापील रकान्यांत होत. अविवाहित आईच्या मुलापुढे बापाचे नाव बहुधा नसेच. इथे पहिली मुलगी वगळता सर्व मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नावातच ‘ग्रीन’ आहे. रकान्याने बाहेर ठेवलेला बाप नावातून आत आला! याला मी उघड कबुली मानतो.

घरोघरची नावे टिपणारी पहिली देशव्यापी जनगणना ६ जून १८४१ची. ग्रीन ३१ मेला गेला, आठवड्याने हुकला. तीत नात्याचा रकानाच नव्हता, तो १८५१ला आला. जेन पुढे ‘जेन ग्रीन’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली.