रेल्वेची छायाचित्रे आणि आदिलाबादचा इतिहास : एक चिकित्सा

रेल्वेचा इतिहास छायाचित्रांतून सांगण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. इंजिन, पूल, स्थानकाची इमारत आणि रांगेत उभे असलेले अधिकारी असा तिचा ठरलेला क्रम असतो. ही चित्रे मोलाची आहेत. परंतु त्यांनाच संपूर्ण इतिहास मानणे ही गंभीर उणीव आहे.

भोर घाटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचे निधन झाल्यावर पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालविले. त्यांनी घाटातील कामाची छायाचित्रेही घेतली. १८६३ मध्ये घाट खुला झाला. कामाच्या भरात तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये झालेला दंगा आणि पटकीने झालेले मृत्यू मात्र कागदपत्रांतूनच कळतात.

हाच प्रश्न आदिलाबादबाबतही उपस्थित होतो. काझीपेठ–बल्लारशाह मार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि मद्रास–दिल्ली थेट जोडले गेले. मंचेरियल, बेल्लमपल्ली, कागजनगर ही त्यावरील स्थानके २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होती. कोळसा, लाकूड व कागद यांना बाजारपेठ मिळाली. त्याचबरोबर बाहेरून शेतकरी व व्यापारी आले आणि गोंडांच्या जमिनीवर ताण वाढला. जमीन व जंगलाच्या याच प्रश्नावर उभे राहिलेले कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी येथील गोंडांचा अभ्यास केला व विपुल छायाचित्रे घेतली.

रेल्वेच्या संग्रहात लोहमार्ग ठळक, गोंड पुसट. हायमेनडॉर्फ यांच्या संग्रहात गोंडांची घरे, सण व विधी ठळक, लोहमार्ग पुसट. हे दोन्ही संग्रह शेजारी ठेवून वाचल्याशिवाय जिल्ह्याचा इतिहास पूर्ण होत नाही. प्रचलित मांडणीत मात्र एक ‘प्रगती’चा आणि दुसरा ‘आदिवासी संस्कृती’चा पुरावा ठरतो, दोहोंमधील कार्यकारणसंबंध हरवतो.

महाविद्यालयीन अध्यापनात यावर उपाय करता येतो. चित्र कोणी, कोणासाठी व केव्हा काढले आणि चौकटीबाहेर कोण राहिले, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावेत. मुदखेड–आदिलाबाद मार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्या काळातील घरगुती छायाचित्रे व वृद्धांच्या आठवणी वेळीच नोंदवाव्यात. आठवण सांगणारी माणसे गेल्यावर उरलेले चित्र मुकेच राहते.