मवाळ सुरांतील कविता

साहित्याच्या नियतकालिकात ध्वनिफितींची चर्चा करावी काय, असा प्रश्न आमच्या एका वडीलधाऱ्या अध्यापक-मित्रांनी मध्यंतरी विचारला. गाणे ऐकावे, आवडल्यास गुणगुणावे, पण त्यावर समीक्षकाने लेखणी झिजवू नये, असा त्यांचा अभिप्राय होता. २०१६ साली अमेरिकेतील गीतकार-गायक बॉब डिलन यांस साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हाही जगभर हाच वाद झाला. आम्हांस मात्र इतक्या दूर जाण्याची गरज वाटत नाही. १८७३ साली मुंगावली येथे जन्मलेले व १९४१ साली ग्वाल्हेर येथे निवर्तलेले भा. रा. तांबे आपल्या कित्येक कवितांच्या माथ्यावर राग व ताल यांचा निर्देश करीत असत. म्हणजे मराठीतील गीतकाव्याची एक मोठी परंपरा ह्याच मध्यप्रदेशाच्या मातीत रुजली आणि कविता ही ऐकण्याचीही वस्तू आहे, हे तिने आरंभीच मान्य केले. तांब्यांच्या कविता पुढे वसंत प्रभूंच्या चालींवर व लता मंगेशकरांच्या कंठातून घरोघरी गेल्या, तेव्हा त्यांचे काव्यत्व उणावले असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आम्ही बालाघाटचे. १९५६ सालापर्यंत हा जिल्हा व नागपूर एकाच राज्यात होते. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत विदर्भ पलीकडे गेला आणि आम्ही अलीकडे राहिलो. आकाशलहरींना मात्र सीमा नसते. १९४८ साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र आमच्या घरात पुढेही तसेच बोलत राहिले, आणि आमच्या पिढीचे अर्धे मराठी त्या पेटीतून आले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे कॅसेटचा काळ आला. गोंदियाहून येणारी गाडी तेव्हा अरुंद मापाच्या रुळांवरून, आमच्याकडच्या भाषेत छोट्या लाइनीवरून, धावत असे. चाळीसेक किलोमीटरचे अंतर ती आपल्या सवडीने कापी. गोंदियास कामानिमित्त जाणाऱ्याकडे कॅसेटचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे आणि संध्याकाळी त्याची वाट पाहावयाची, असा आमचा परिपाठ होता. ज्या संग्रहांविषयी येथे लिहीत आहोत ते असे आलेले आहेत. तेव्हा आमच्या अभिप्रायात थोडा मोह मिसळला असल्यास वाचकांनी तो वजा करून घ्यावा.

भावगीताचा आकार कवीने ठरविला की यंत्राने, हा विचार आमच्या समीक्षेत फारसा झालेला नाही. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ध्वनिमुद्रिकेवर गायिली त्या काळी, म्हणजे १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. धृपद, दोन किंवा तीन कडवी, अखेरीस पुन्हा धृपद, हा जो साचा आपण आज स्वाभाविक मानतो, त्यामागे त्या तबकडीची मर्यादाही उभी आहे. मेहकरच्या त्या कवीचे भाग्य असे की त्याची कविता त्या मर्यादेत गुदमरली नाही. गीतांची सलग माळ ओवून एक दीर्घ अनुभव उभा करण्याचे मोठे उदाहरण म्हणजे १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेले गदिमा व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’. त्यातील छप्पन्न गीते कथासूत्राने बांधलेली होती. कथा नसताना केवळ एका मनःस्थितीच्या धाग्यावर आठ-दहा गीते बांधता येतील काय, ही पुढच्या काळाची समस्या होती.

त्या मनःस्थितीचा पहिला स्वर आम्हांस अरुण दाते यांच्या गळ्यात ऐकू येतो. दाते इंदूरचे, शिक्षणाने वस्त्रोद्योगाचे अभियंते, रामूभैया दात्यांसारख्या रसिकाग्रणीच्या घरात वाढलेले. मंगेश पाडगावकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि सुधा मल्होत्रा यांची साथ असलेले ‘शुक्रतारा’ १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत ऐकू आले, आणि मराठी गाण्याने जणू आवाज खाली आणला. नाट्यगीताच्या तानेची तेथे अपेक्षा नाही, पोवाड्याची ललकारी नाही. कानाशी बोलावे तसा तो स्वर आहे. खळ्यांची चाल ऐकताना सोपी वाटते. गाऊ पाहणाऱ्याची मात्र ती पहिल्याच ओळीत परीक्षा घेते. यशवंत देव ह्या रीतीला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हणत. पश्चिमेकडे ज्याला मवाळ रॉक म्हणतात, म्हणजे गिटारीच्या हलक्या झंकारावर स्वतःशीच बोलल्यासारखे गाणे, त्याची अभिरुची आमच्याकडे पुढे सहज रुजली, याचे एक कारण हा पूर्वसंस्कार होय.

१९९८ साली आलेला ‘गारवा’ हा ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह संग्रह आहे. सौमित्र यांची कविता, मिलिंद इंगळे यांचे संगीत व गायन, आणि दोन गीतांच्या मध्ये स्वतः कवीच्या आवाजातील काव्यवाचन, अशी त्याची रचना. चित्रपटाचा आधार नाही, कथानक नाही. पाऊस आणि त्याने जागवलेली आठवण एवढेच त्याचे सूत्र. सौमित्र हे किशोर कदम या नावाने नट म्हणून परिचित आहेत, आणि नटाला विराम कोठे घ्यावा हे कळते. आमचे स्पष्ट मत असे की ह्या संग्रहाचे खरे काव्य गीतांपेक्षा ह्या वाचनांत अधिक आहे. वाचनात वाक्य मध्येच थांबते, श्वास ऐकू येतो, शब्द पुढच्या शब्दाची वाट पाहतो. मर्ढेकरांनी ज्या लयीचा सिद्धांत मांडला ती लय येथे तालाच्या मदतीवाचून सिद्ध होते. उलट गीत सुरू झाले की ठेका त्या अनिश्चिततेला आपल्या चौकटीत बसवून टाकतो. इंगळे यांचा आवाज मृदू व निर्मळ आहे. परंतु तिसऱ्या-चौथ्या गीतानंतर चालींची ठेवण परस्परांसारखी वाटू लागते, आणि गारव्याचे रूपांतर हळूहळू गुंगीत होते. एका बैठकीत संपूर्ण संग्रह ऐकल्यावर आम्हांस दोनच गीते वेगळी आठवली. वाचने मात्र जवळजवळ सारी आठवली.

आणखी एक गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. ‘गारवा’तील पाऊस हा खिडकीतून पाहिलेला, शहरातल्या रस्त्यावरचा पाऊस आहे. तो येतो तो कोणाची तरी आठवण घेऊन. आमच्या वैनगंगेच्या काठी पाऊस येतो तेव्हा पऱ्हे उपटून धानाच्या बांध्यांत रोवणी चालू होते, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका गाऊ लागतात आणि त्यांच्या गाण्यात विरहाला फारशी फुरसत नसते. कवीने आपला पाऊस लिहावा, आमचा लिहावा अशी मागणी आम्ही करणार नाही. पण मराठी कवितेतील पाऊस म्हणजे एवढाच, असे ज्या तरुणांना ह्या कॅसेटने शिकविले, त्यांच्यापुढे दुसरा पाऊस ठेवण्याचे काम शिक्षकांचे होते. ते आम्ही केले नाही.

संदीप खरे व सलील कुलकर्णी यांच्या संग्रहांची जात निराळी. २००३ साली आरंभ झालेल्या त्यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमाने कवीला पुन्हा मंचावर आणून बसविले. कवी स्वतः गातो, संगीतकार हार्मोनियम वाजवीत गातो, दोघे मध्ये गप्पा मारतात. बंगालीत सुमन चट्टोपाध्याय यांनी १९९२ च्या ‘तोमाके चाइ’ या संग्रहाने जे केले त्याच्याशी याचे नाते आहे. तथापि सुमन यांच्या गाण्यात कलकत्त्याचा रस्ता ज्या बेचैनीने येतो तशी बेचैनी पुण्याच्या ह्या जोडीत क्वचितच आढळते. खरे यांची शब्दांवरील पकड मात्र असामान्य आहे. अंतर्यमक ते इतक्या सहजतेने खेळवितात की माधव जूलियनांनाही कौतुक वाटले असते. दोष आहे तो हाच की टाळी कोठे पडणार हे कवितेला आधीच ठाऊक असते.

‘दमलेल्या बाबाची कहाणी’ हे त्यांचे गीत घ्यावे. कामाने थकून उशिरा घरी येणारा बाप मुलीला गोष्ट सांगू शकत नाही, हा त्याचा विषय. आम्ही ते प्रथम ऐकले तेव्हा समीक्षकाच्या बुद्धीने निवाडा दिला की येथे ओघळणारे अश्रू कवितेने मिळविलेले नाहीत, श्रोत्याच्या अपराधी मनाकडून उसने घेतलेले आहेत. हा निवाडा आम्ही अद्याप मागे घेतलेला नाही. परंतु दुसऱ्यांदा ऐकताना आमचे डोळे ओले झाले, हेही लपवू नये. आमच्या मुली लहान असताना आम्ही शिकवण्या घेऊन रात्री दहाला परतत असू. त्या आता दोन परप्रांती शहरांत आहेत आणि आपल्या मुलांशी हिंदीत बोलतात. गोष्टी सांगावयाच्या त्या रात्री जर आम्ही सांगितल्या असत्या, तर त्या मराठीत सांगितल्या असत्या.

याच संदर्भात एका विद्यार्थ्याची हकीकत सांगावीशी वाटते. घर मराठी, शिक्षण सारे हिंदी माध्यमात. त्याने ‘गारवा’तील वाचने ऐकून ऐकून वहीत उतरून काढली व आमच्याकडे तपासण्यास आणली. सर्वत्र ‘ळ’च्या जागी ‘ल’ होता, कारण शाळेच्या हिंदीत ते अक्षर त्याला कधी भेटलेच नव्हते. आम्ही त्याला वही मिटून मोठ्याने म्हणावयास सांगितले. त्याने म्हटले, आणि प्रत्येक ‘ळ’ जागच्या जागी, स्वच्छ उमटला! एवढेच नव्हे, तर ‘चंद्र’मधील तालव्य च आणि ‘चांदणे’मधील दंत्य च हा भेद, जो आपली लिपी दाखवीत नाही व म्हणून कोणतेही पाठ्यपुस्तक केवळ छापून शिकवू शकत नाही, तोही त्याच्या जिभेवर बिनचूक होता. त्याच्या हाताला मराठी येत नव्हते. कानाला येत होते. पुढील तीन महिने आम्ही उलट्या वाटेने गेलो: आधी कॅसेट, मग उच्चार, मग अक्षर. तो पुढे ग्रेस वाचू लागला. ते आम्हांलाही कठीण जातात, हे त्याला सांगून आम्ही त्याचा धीर वाढविला.

तेव्हा आमचे वडीलधारे मित्र विचारतात त्या प्रश्नास आमचे उत्तर असे: ही गीते मोठी कविता आहेत काय, तर बहुतेक नाहीत. ‘गारवा’ची वाचने, ‘शुक्रतारा’ची रचना आणि खरे यांची मोजकी गीते एवढीच आम्ही काव्य म्हणून जपून ठेवू. परंतु महाराष्ट्राबाहेर ज्या घरात मराठी पुस्तकाचे पान उलटले जात नाही, तेथे ती पोचली, आणि आमच्या साहित्यसंस्था पोचल्या नाहीत. महाविद्यालयांतील मराठीच्या अध्यापकांनी वर्षातून चार तास तरी ही गीते व ज्या कवितांतून ती उमलली त्या कविता शेजारी शेजारी ठेवून शिकवाव्यात, अशी आमची सूचना आहे.

आमची ‘गारवा’ची कॅसेट दुसऱ्या बाजूच्या मध्यावर तुटली ती कायमचीच. आता तीच गीते भ्रमणध्वनीवर सुटी सुटी मिळतात, हव्या त्या क्रमाने. गेल्या श्रावणात तो विद्यार्थी, आता स्वतः शिक्षक, घरी आला होता. आमच्या नातवाने त्याला ती ऐकविली. दोन गीते झाल्यावर त्याने विचारले, “सर, मधले बोलणे कुठे गेले?” नातवाला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्याने डोळे मिटले आणि पुढच्या गीताआधीचे वाचन, विरामांसह, स्वतःच म्हटले.