‘९० टक्के’ हा आकडा आला कुठून?

मित्रांनो, आजचा विषय वाचून काही जण गालातल्या गालात हसतील. हसून घ्या, मग पेपर वाचायला बसू. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांचा हा लेख १९४९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. विषय : शिश्नाच्या टोकावरची त्वचा, म्हणजे अग्रत्वचा.

आधी पेपरचं मोठेपण. जन्मतः ही त्वचा आतल्या शिश्नमुंडाला चिकटलेली असते आणि हळूहळू सुटत जाते. म्हणजे बाळाची त्वचा मागे सरकत नाही, हा आजार नाही, वाढीचा टप्पा आहे. लंगोटाच्या वयात ती शिश्नमुंडाला ओल्या कपड्यापासून जपते, हेही गेर्डनर यांनी मांडलं. ब्रिटनमध्ये तेव्हा सर्रास होणाऱ्या सुंतेला वैद्यकीय आधार काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. प्रश्न अचूक होता.

आता गडबड बघा. १०० नवजात आणि ५ वर्षांपर्यंतची २०० मुलं तपासून ते सांगतात : जन्मतः ४ टक्के मुलांची त्वचा पूर्ण मागे जाते, तिसऱ्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलांची. पण २०० मुलं पाच वर्षांत वाटली, तर एकेका वयाला सरासरी ४०च येतात. एवढ्यावर ‘सामान्य वय’ ठरवायचं?

१९६८ मध्ये याकोब ओस्टर यांनी डेन्मार्कच्या शाळकरी मुलांचे आकडे दिले. ६-७ व्या वर्षी ६३ टक्के मुलांत त्वचा चिकटलेली, १६-१७ व्या वर्षी फक्त ३ टक्के मुलांत. लगेच ‘गेर्डनर खोटे पडले’ म्हणू नका हं! चिकटलेली असणं आणि मागे न जाणं, या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. ओस्टर यांनी फायमोसिस, म्हणजे त्वचेचं तोंड अरुंद असणं, वेगळं मोजलं : ६-७ व्या वर्षी ते ८ टक्केच होतं. तुलना करायची तर १९९६ चा जपानी अभ्यास घ्या. ६०३ मुलं, आणि ११ ते १५ वयातही त्वचा पूर्ण मागे जाणारी ६२.९ टक्केच. इथे प्रश्न तोच आहे, आणि फरक मोठा आहे.

याने बिघडतं काय? ९० टक्के प्रमाण मानणाऱ्याला चार वर्षांचा निरोगी मुलगा रोगी वाटतो. मग कुणीतरी त्वचा जोर लावून मागे ओढतं, ती फाटते, व्रण धरतो आणि त्यातूनच खरा फायमोसिस होऊ शकतो.

म्हणून साहित्य आढाव्यात आकडा उचलताना शेजारी तीन गोष्टी लिहाच : नेमकं काय मोजलं, किती जणांत, कोणत्या वयात.

आणि हा गृहपाठ. ओस्टर यांच्याकडे नोंदी ९,५४५ आहेत, पण मुलं १,९६८. त्यांचा नमुना किती मोठा म्हणाल, आणि का? वहीत दोन ओळी लिहून बघा.