अप्रिय सांगणारे पाहुणे

अंधेरीच्या सीप्झमध्ये एक पडके चर्च आहे. जेझुइटांनी ते १५७९ साली बांधले आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे नाव त्याला दिले. भावाच्या बायकोशी केलेला विवाह अधर्म आहे, असे हेरोद राजाला तोंडावर सांगून मस्तक गमावणारा हा योहान. संदेष्टा म्हटला की आपल्याला भविष्य सांगणारा ज्योतिषी आठवतो. पण ज्योतिषी उद्याविषयी बोलतो, संदेष्टा आजच्याविषयी, आणि म्हणूनच तो नकोसा होतो.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातला अगब मला या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. त्याची दोनच दर्शने घडतात. पहिल्यांदा तो दुष्काळाचा इशारा देतो आणि अंत्युखियाची मंडळी ऐपतीप्रमाणे मदत गोळा करतात. दुसऱ्यांदा तो पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचेच हातपाय बांधतो : यरुशलेमेत तुझे असे होईल! सोबती रडतात, विनवतात; पौल मात्र निघतोच. एखाद्या सामान्य कथाकाराने पुढे पौलाला पश्चात्ताप करायला लावला असता. लूक तसे करीत नाही. इशारा खरा होता आणि जाणेही खरे होते, एवढेच तो दाखवतो. इशारा ऐकणे म्हणजे माघार घेणे नव्हे. डोळे उघडे ठेवून पाऊल टाकणे होय.

परंतु प्रत्येक ओरडणारा खरा कसा मानावा? 'डिडाखे' या प्राचीन पुस्तिकेची कसोटी मोठी घरगुती आहे. जो स्वतःसाठी पैसे मागतो, जो तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवत नाही, तो खोटा! तिसऱ्या दिवशीच्या पाहुण्याविषयी आपली म्हण तरी वेगळे काय सांगते? आपला विदुरही याच कसोटीला उतरतो. धृतराष्ट्राने त्याला घालवून दिले आणि मग चैन पडेना म्हणून परत बोलावले; सल्ला मात्र मानला नाही.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'कडे मी या नजरेने पाहतो. त्यातील नव्या कराराला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. संदेष्ट्यांची वाणी मराठीत आणणाऱ्या या धर्मगुरूने वसईची हिरवळ वाचवण्यासाठी स्वतःही अनेकांना न रुचणारे बोल सुनावले. २०२४ साली ते गेले. असा माणूस गेल्यावर त्याचा गौरव करणे सोपे असते. तो दारात उभा असताना त्याला आत बोलावणे, हीच खरी परीक्षा.