मुक्त जॅझ, तमाशा आणि ध्वनिमुद्रणांचा संग्रह

उत्स्फूर्त आविष्काराचे एकच ध्वनिमुद्रण प्रमाण मानणे समीक्षेला अपुरे ठरते. ऑर्नेट कोलमन यांचे ‘फ्री जॅझ’ हे सुमारे ३७ मिनिटांचे वादन डिसेंबर १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झाले. त्याच दिवशीचे सुमारे १७ मिनिटांचे पहिले वादन संग्राहकांच्या हाती आले ते १९७१ मध्ये. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यावरच पूर्वनियोजित काय आणि ऐन वेळी सुचलेले काय, हे उमगते. हाच निकष तमाशालाही लागू होतो. शिनोलीच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे प्रमुख केंद्र आहे. बतावणीतील सोंगाड्याचा हजरजबाबीपणा प्रेक्षकांगणिक बदलतो. म्हणून एकाच फडाच्या अनेक रात्रींचे खेळ संग्रहित व्हावेत. अन्यथा एका रात्रीचा योगायोगच परंपरा म्हणून अभ्यासला जाईल.