गतीची उतरंड

नाट्यशास्त्राचे कौतुक करणाऱ्या आपल्या समीक्षकांना त्यातील रसचर्चा तोंडपाठ असते. गतिप्रचाराचा अध्याय मात्र ते सहसा उघडून दाखवीत नाहीत. रंगभूमीवर कोणत्या पात्राने कसे चालावे याचे नियम त्यात आहेत. पात्रांची उत्तम, मध्यम व अधम अशी प्रतवारी आहे आणि पाऊल टाकायला लागणारा काळ या प्रतवारीनुसार मोजून दिला आहे. उत्तमाच्या पावलाला चार कला, मध्यमाच्या दोन, अधमाच्या एक. दोन पावलांतील अंतरही तसेच : देव आणि राजे यांना चार ताल, मध्यमांना दोन, स्त्रिया व नीच पात्रे यांना एक. हा भेद स्वभावाचा आहे, जन्माचा नव्हे, असा बचाव केला जाईल. परंतु देव आणि राजे एका टोकाला बसवल्यावर तो निव्वळ स्वभावाचा भेद राहत नाही. शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नव्हता म्हणून सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद निर्माण झाला, असे हाच ग्रंथ सांगतो. म्हणजे ज्याला आत घेतले, त्याला आत गेल्यावर काय दिसले? मोठ्यांचे पाऊल लांब आणि संथ, लहानांचे आखूड आणि घाईचे.

येथे एक प्रश्न विचारायला हवा. माणसाच्या हालचालीत त्याचा दर्जा खरोखरच दिसतो काय? की तो बघणाऱ्याला शिकवावा लागतो? सौंदर्यशास्त्राने हा प्रश्न टाळला. मानसशास्त्राने त्याच्या एका बाजूला हात घातला आहे, आणि ते काम आपल्या उपयोगाचे आहे.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील गुन्नार योहानसन यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांदे, कोपरे, मनगटे, नितंब, गुडघे, घोटे अशा प्रमुख सांध्यांवर दहा-बारा चमकते ठिपके लावायचे. चित्रण असे करायचे की बाकी सारे अंधारात जाईल, फक्त ठिपके उरतील. चेहरा नाही, कातडीचा रंग नाही, कपडा नाही. ठिपके स्थिर असताना बघणाऱ्याला त्यातून काही बोध होत नाही. पण ते हलू लागले की क्षणार्धात तो म्हणतो : माणूस चालतो आहे. कोणी सांगावे लागत नाही, विचारही करावा लागत नाही.

पुढे या वाटेने बरेच जण गेले. अमेरिकेत जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवले की अशा ठिपक्यांवरून लोक आपल्या ओळखीच्या माणसाला निव्वळ अंदाजापेक्षा अधिक वेळा ओळखतात. चालणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे तीनांतल्या साधारण दोन वेळा बरोबर सांगता येते. याचा अर्थ असाही की तिसऱ्या वेळी डोळा चुकतो. १९८२ च्या एका प्रयोगात चार महिन्यांच्या बाळांनीही विस्कळीत ठिपक्यांपेक्षा माणसाच्या चालण्याचे ठिपके अधिक वेळ पाहिले. जात, कूळ, आडनाव यांतले काहीही ज्याच्यापर्यंत पोचलेले नाही, त्या बाळाच्या नजरेलाही माणसाची हालचाल ओढून घेते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते उप्सालाचेच स्वेर्केर रूनेसन आणि गुनिल्ला फ्रीकहोल्म यांचे काम. पेटी उचलणाऱ्या माणसाचे फक्त ठिपके पाहून बघणारे पेटीच्या वजनाचा बऱ्यापैकी अंदाज करतात, हे त्यांनी दाखवले. १९८३ साली ते आणखी पुढे गेले. उचलणाऱ्याला सांगितले, हलकी पेटी जड असल्याचे सोंग कर. बघणाऱ्यांना सोंग कळले, आणि सोंगामागचे खरे वजनही कळले. ओझे शरीराच्या हालचालीत उतरते. ते लपवणे अवघड असते.

तेव्हा डोळा काय काय पाहू शकतो? जिवंतपणा पाहतो, श्रम पाहतो, ओझे पाहतो, सोंग पाहतो. या यादीत जन्म नाही. हे मी प्रयोगांच्या आधारावर म्हणत नाही, कारण ते प्रयोग जातीवर झालेले नाहीत. याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे आणि तो आपल्याला बाबासाहेबांनी दाखवून ठेवला आहे. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये ते पेशवाईतील नियम नोंदवतात. अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, हेतू हा की चुकून त्याचा स्पर्श होऊ नये. पुण्यात त्याने थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधायचे आणि मागे पावलांचे ठसे पुसण्यासाठी कमरेला झाडू. यातला ‘चुकून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोरा नसता तर चूक झाली असती. म्हणजे चालत्या माणसाकडे पाहून त्याची जात दिसत नव्हती, हे दोरा बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. जे निसर्गतः दिसते त्याला खूण बांधावी लागत नाही. आणि झाडू कशासाठी? अस्पृश्याचे पाऊल इतर पावलांसारखेच उमटत होते, म्हणून.

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. हा कथासंग्रह १९६३ चा. तिच्यातला नायक नोकरीच्या गावी जात लपवून राहतो. तेच शरीर, तीच चाल, तेच बोलणे. लोक त्याला मान देतात. मग जात कळते आणि त्याच शरीरावर मार पडतो. मधल्या काळात त्याच्या हालचालीत काहीही बदललेले नसते. बदलते ती बघणाऱ्याची माहिती. प्रस्थापित समीक्षेने या कथेतील दाहकतेची चर्चा पुष्कळ केली. पण ही कथा बघण्याविषयीची आहे, डोळ्याची लबाडी उघडी पाडणारी आहे, हे फारसे कोणी सांगितले नाही.

मात्र येथे आपणही सावध राहिले पाहिजे. शरीर कोरे असते, समाज त्यावर काहीच उमटवत नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९३४ च्या व्याख्यानात सांगितले की चालणे, पोहणे, बसणे या गोष्टीसुद्धा समाजात शिकल्या जातात. न्यूयॉर्कच्या इस्पितळातील परिचारिकांची चाल त्यांना पॅरिसच्या मुलींमध्ये दिसली, आणि ती सिनेमातून आली असे त्यांच्या ध्यानात आले. चाल अशी शिकता येते, तशी ती लादताही येते. पिढ्यान्‌पिढ्या मोळी, मैला, मेलेले ढोर वाहणाऱ्याची मान आणि पाठ त्या ओझ्याचा हिशेब सांगतेच. जोहार घालताना वाकलेली कंबर हे दिलेल्या दर्जाचे सक्तीचे सोंग होते. वजनाचे सोंग ओळखणाऱ्या मानवी डोळ्याला हे सोंग दिसत नव्हते, असे मी मानायला तयार नाही. ते बघणाऱ्याच्या सोयीचे होते. म्हणून लादलेल्या ओझ्याला त्याने ‘स्वभाव’ म्हटले आणि वाकण्याला ‘नम्रता’.

नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’ (२०१३) या चित्रपटात हा सारा प्रश्न एका डुकराच्या पाठलागात येतो. कैकाडी कुटुंब डुकरामागे धावते. गाव बसून हसते. शाळेतली मुले पाहतात. जब्या धावण्याला भीत नाही. धावताना दिसण्याला भितो, म्हणून आडोसा शोधतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि तो ताठ उभा राहतो; घरचेही थांबतात; डुक्कर निघून जाते. त्या काही क्षणांत त्यांचे शरीर इतर कोणाही नागरिकाच्या शरीरासारखे आहे. गीत संपते आणि गाव पुन्हा हसू लागते. शेवटी डुक्कर काठीला टांगून, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि सावित्रीबाईंच्या चित्रांपुढून ते नेले जाते. ते ओझे किती आहे हे कोणा पात्राला बोलून दाखवावे लागत नाही, खांदेच सांगतात. आणि जब्याचा अखेरचा दगड येतो तो सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर. काहींना हा शेवट भडक वाटतो. मला तो तर्कशुद्ध वाटतो. संपूर्ण चित्रपटाचा आरोपी नजर आहे. शिक्षा दुसऱ्या कोणाला देणार?

यातून आपल्या लेखनासाठी एक कसोटी निघते, आणि ती आपल्यालाही लावली पाहिजे. आपल्या आत्मकथनांत वेदनेचे चित्रण विपुल आहे. पण अनेकदा ते स्थिरचित्रांचे असते : फाटके लुगडे, उघडा पाय, खंगलेली कूस. स्थिर ठिपक्यांत माणूस दिसत नाही, हे योहानसन यांनी दाखवले. स्थिरचित्र पाहून वाचक हळहळतो आणि पान उलटतो, कारण त्याला दिसलेली असते ती दैन्याची वस्तू. आई मोळी डोक्यावर कशी घेते, उतारावर पाय कसा रोवते, घरी आल्यावर ओझे टाकून खांदे कसे सैल सोडते, हे ज्या पानावर येते तेथे वाचकाला माणूस दिसल्याशिवाय राहत नाही. तेथे दया पुरत नाही, हिशेब द्यावा लागतो. जे लेखन माणसाला हलू देते ते मोठे, ही कसोटी आपल्या जवळच्या लेखकालाही सवलत देणारी नाही.

आणि समीक्षेचे काय? तिने उत्तम-अधमाच्या मोजपट्ट्या ‘अभिजात’ म्हणून जपून ठेवल्या. त्या अभ्यासाव्यात जरूर, पण त्यांनी काय मोजले हे सांगून. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे परिषदेच्या मंडपातून निघून चवदार तळ्याकडे चालत गेली. त्यांचे पाऊल किती कलांचे होते, हे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नव्हते. ते त्यांनी स्वतः ठरवले होते. ती चाल पाहायची असेल तर डोळ्यावरचा दोरा आधी सोडावा लागेल.