फिर्यादी पांडुरंग

'कोसला' १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. मी ती प्रथम वाचली विशीत, आणि पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच, अशी माझी खात्री पटली. लगेच घरात प्रत्येक वाक्याला 'उदाहरणार्थ' नि 'वगैरे' लावू लागलो. वडील म्हणाले, "उदाहरणार्थ, दळण घेऊन ये!"

पंचेचाळिशीत पुन्हा वाचली. या खेपेला पुण्यात राहून बापाचे पैसे उडवणाऱ्या पांडुरंगाचा असा राग आला म्हणता! (आमचे चिरंजीव तेव्हा होस्टेलवर होते, हे सांगायला नकोच.) मग ध्यानात आलं, की सगळी कादंबरी सांगतो पोरगा, वडिलांविरुद्ध गाऱ्हाणं गातो पोरगा, तरी वडील काही खोटे पडत नाहीत. फिर्यादीच्याच तोंडून आरोपीची बाजू वदवून घ्यायची, ही नेमाड्यांची खरी करामत. विशीत ती मला कुठली दिसायला! मी आपला विनोदावर खूश.

आता सत्तरी उलटली. धाकट्या मनीच्या मरणाची पानं तेव्हा मी भराभर उलटली होती. आता तिथंच अडतो. चष्मा काढून पुसत बसतो. बायको म्हणते, "नंबर वाढलाय तुमचा. दाखवून या एकदा."